पाठवणारं कोणी नसताना ईशज्ञानात डॉक्टरेट: नाशिकरोडच्या एका शिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकरोडला राहणाऱ्या एका कॅथलिक शिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि ज्या संस्थांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला त्यांची नावं घेतलेली नाहीत. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणत, इथेही तेच म्हणू. धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यासी नसलेल्या श्रद्धावंतांच्या, शिक्षणाचं काम पाहणाऱ्या गटात मी आहे. त्यामुळे बाईंचे बहुतेक निर्णय होत असताना मी त्या चर्चांमध्ये होतो.

२०१५ साली बाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. मराठीत एम.ए., मुक्त विद्यापीठातून बी.एड., अनुदानित माध्यमिक शाळेत अठरा वर्षांची नोकरी. यजमान प्रेसमध्ये, मुलगी नववीत, घरात सासूबाई. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातल्या, मुलांना त्या धर्मशिक्षण देत. माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. आजोबा मिशनचे मास्तर होते. गावची शाळा चालवणं, फादर पोहोचले नाहीत त्या रविवारी प्रार्थना घेणं, बाप्तिस्म्याआधी लोकांची तयारी करून घेणं ही मास्तरांची कामं. नगर जिल्ह्यातल्या जुन्या कॅथलिक घरांमध्ये श्रद्धा पुढच्या पिढीकडे गेली ती बरीचशी या मास्तरांमुळे. त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय, याची मला खंत आहे.

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं तिथे येतात, कित्येक चालत येतात. बाईंनी लहानपणापासून आई-मावश्यांबरोबर ही वाट चालली होती. वाटेत बायका गाणी म्हणत. त्यांतली बरीच कुठे छापलेली नव्हती. जात्यावरच्या ओवीच्या चालीत मरियेला हाक मारायची आणि सासर, आजारपण, दुष्काळ, पोराची नोकरी असं सगळं तिच्यापुढे मांडायचं. बाई ती गाणी वहीत उतरवून घेऊ लागल्या. पुढे फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला येणाऱ्या बायकांकडूनही त्यांनी काही गाणी मिळवली.

वह्या वाढल्या तसा एक प्रश्न पक्का होत गेला. या गाण्यांत मरिया नुसती विनवणी करणारी नाही, ती स्वतः देते, स्वतः राखते, काही ठिकाणी तर स्वतः क्षमा करते. ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण मात्र देव आणि माणूस यांच्यात एकाच मध्यस्थाची आहे, तो म्हणजे ख्रिस्त. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजातलं आठवं प्रकरण मरियेची भूमिका ख्रिस्ताच्या मध्यस्थीच्या आत आणि तिच्यावर अवलंबून अशीच मांडतं. मग या बायका चुकतात का? की शिकवणीच्या भाषेत अजून न आलेलं काही त्या म्हणतायत? बाईंना डॉक्टरेट करायची होती ती या प्रश्नासाठी.

अडचण

त्यांनी एका ईशज्ञान (थिऑलॉजी) विद्यापीठाला थेट डॉक्टरेटच्या प्रवेशाबद्दल लिहिलं. सोबत एम.ए.ची गुणपत्रिका आणि गाण्यांचा नमुना जोडला. उत्तर सभ्य आणि दोन ओळींचं आलं: लायसेन्शिएट (डॉक्टरेटच्या आधीची पदवी) नसेल तर डॉक्टरेटला प्रवेश नाही.

आपल्याकडे पदवी, पदव्युत्तर पदवी, मग पीएच.डी. हा रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो. कॅथलिक ईशज्ञानाची शिडी दिसायला तशीच आहे, पण तिच्या पायऱ्या वेगळ्या ठिकाणी बसवलेल्या आहेत. पोप फ्रान्सिस यांच्या 'वेरितातिस गौदियुम' या संविधानानुसार (डिसेंबर २०१७, त्याआधी १९७९ चं 'सापिएन्सिया ख्रिस्तियाना' लागू होतं) पहिला टप्पा बॅकलॉरिएटचा. तो पाच वर्षांचा, किंवा आधी दोन वर्षं तत्त्वज्ञान झालं असेल तर पुढे तीन वर्षांचा. दुसरा टप्पा लायसेन्शिएटचा, दोन वर्षं. त्यानंतर डॉक्टरेट. या पदव्या परमपीठाच्या, म्हणजे व्हॅटिकनच्या, अधिकारानं दिल्या जातात. मराठीतली एम.ए. या शिडीवर कुठेच टेकत नाही. बाईंना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार होती. प्रबंधाला हात लागेपर्यंत सात वर्षं जाणार, ही गोष्ट त्यांना बेचाळिसाव्या वर्षी कळली.

दुसरी अडचण नियमांत कुठेच लिहिलेली नसते. एखाद्या धर्मगुरूला डॉक्टरेटला पाठवतात तेव्हा त्याचे महागुरू (बिशप) किंवा त्याचा संन्यासी संघ ठरवतो की आपल्याला या विषयातला माणूस हवाय. खर्च, राहण्याची सोय आणि परतल्यावरचं काम त्या निर्णयातच येतं. प्रापंचिकाला कोणी पाठवत नाही, तो आपला आपण जातो. धर्मसभेच्या (म्हणजे ख्रिस्तसभेच्याच) १९८३ च्या कायद्यातलं २२९ वं कलम प्रापंचिकांना ईशज्ञान शिकण्याचा आणि त्यातल्या पदव्या मिळवण्याचा हक्क स्पष्ट देतं. पण हक्क म्हणजे फी नव्हे आणि परतल्यावरची खुर्चीही नव्हे. मला विचाराल तर या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मराठीत पीएच.डी. करण्याचा. घरच्यांना आणि शाळेतल्या सहकाऱ्यांना हाच पटत होता. विद्यापीठाची पेट (पीएच.डी.ची प्रवेश) परीक्षा द्यायची, नाशिकमधल्याच एखाद्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात नोंदणी करायची, नोकरी सांभाळून अर्धवेळ काम करायचं. पदवी सरकारमान्य. पगार चालू, घर चालू.

बाई एका मार्गदर्शकांना भेटल्या. वह्या पाहून ते खूश झाले. पण त्यांनी फार प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली. गाण्यांचा छंद, पाठभेद, ती कुठून कुठे गेली, वारकरी ओवीशी त्यांचं नातं काय, माहेर ही कल्पना त्यांत कशी येते, हे सगळं मराठी विभागाचं काम आहे. ही श्रद्धा ख्रिस्ती शिकवणीशी सुसंगत आहे की नाही, हे ठरवणं त्या विभागाचं काम नाही. तसा निष्कर्ष प्रबंधात आला तर परीक्षक तो काढायला लावतील.

बाईंच्या निर्णयात सगळ्यात जास्त वजन या भेटीचं पडलं. साहित्याचा अभ्यासक विचारतो की हे गाणं काय करतं. ईशज्ञानाचा अभ्यासक आणखी एक पाऊल टाकून विचारतो की गाणं जे म्हणतं ते देवाविषयी खरं आहे का, आणि त्यासाठी तो पवित्र शास्त्र, परंपरा आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्याशी ते ताडून बघतो. वह्या त्याच, प्रश्न दोन. बाईंचा प्रश्न दुसरा होता.

दुसरा पर्याय परदेशाचा. रोमची विद्यापीठं होती, बेल्जियममधलं ल्युव्हेन होतं. ल्युव्हेनला इंग्रजीतून शिकता येतं आणि विद्यापीठीय व धर्मसभेच्या अशा दोन्ही पदव्या मिळू शकतात. मुलगी नववीत, सासूबाईंचं वय झालेलं. हा पर्याय एका संध्याकाळीच बाजूला पडला.

तिसरा होता ऑनलाइन पदविका करून लेख लिहीत राहण्याचा. 'निरोप्या'सारखं १९०३ पासून चालत आलेलं मराठी कॅथलिक मासिक आहे, वाचक आहेत. बाईंच्या धर्मग्रामातल्या एका फादरांचा हाच सल्ला होता. तो मला हलका वाटत नाही, डॉक्टरेटपेक्षा अशा लेखनाचा लोकांना जास्त उपयोग होतो. पण बाईंना परीक्षा हवी होती. आपलं म्हणणं जाणकारांसमोर मांडून ते टिकतं का, हे बघायचं होतं.

चौथा पर्याय म्हणजे पूर्ण शिडी चढणं, पण शक्य तितकी घराजवळ. नाशिकमध्ये कॉलेज रोड परिसरात सेलेशियन या संन्यासी संघाचं 'दिव्यदान' हे तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, रोमच्या सेलेशियन विद्यापीठाशी संलग्न. ईशज्ञानासाठी सगळ्यात जवळचं मोठं पीठ पुण्याचं ज्ञानदीप. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली ही परंपरा १९५५ साली पुण्यात आली. तत्त्वज्ञान नाशिकमध्ये आणि ईशज्ञान पुण्यात अशी विभागणी निदान कागदावर तरी दिसत होती.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय पैशाचा होता, आणि तो यजमानांनी सुचवला. बाई २००५ च्या बऱ्याच आधी नोकरीला लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन लागू. वीस वर्षं अर्हताकारी सेवा झाली की स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तोवर दोन वर्षं बाकी होती. लगेच राजीनामा दिला असता तर पेन्शन हातची गेली असती. बिनपगारी रजा घेतली तर संस्थेची मंजुरी, बदली शिक्षक आणि रखडलेली वेतनवाढ हे सगळं मागे लागलं असतं. म्हणून ठरलं की नोकरीत राहायचं, तोवर नाशिकमध्येच तत्त्वज्ञान शिकायचं आणि मग निवृत्ती घ्यायची. बाईंनी मुख्याध्यापकांना विनंती करून दुपारच्या अधिवेशनातले वर्ग मागून घेतले. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी पाचवी-सहावीचं मराठी. वर्गात बाकी सगळे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे विशीतले धर्मबंधू.

इथे एक वर्ष हातचं गेलं. पहिल्या वर्षी बाई श्रोता म्हणून बसल्या. तास सगळे केले, निबंध लिहिले, परीक्षाही दिल्या. वर्षाअखेरीस कळलं की पदवीसाठी नोंदणी झालेला नियमित विद्यार्थी आणि श्रोता यांत नियमांनीच फरक केलेला आहे, आणि श्रोत्याचं वर्ष पदवीत मोजलं जात नाही. नियमित नोंदणीसाठी आधीच्या शिक्षणाची कागदपत्रं आणि वर्तनाबद्दल धर्माधिकाऱ्याचं पत्र लागतं. ते पत्र मागायला बाई संकोचल्या होत्या, कारण फादरांना आपला बेत मोठेपणाचा वाटेल अशी त्यांना भीती होती. फादरांनी ते दहा मिनिटांत लिहून दिलं.

२०१८ मध्ये तत्त्वज्ञान पूर्ण झालं. त्याआधी तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्तीही झाली होती. मुलगी बारावी पास झाली आणि पुण्यातच इंजिनिअरिंगला लागली. त्यामुळे बाईंचं पुण्यात राहणं घरच्यांना सोपं गेलं. त्या सिस्टरांच्या वसतिगृहात राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळची एसटी, सिन्नरच्या घाटानंतर घरी फोन, रविवारी मिस्सा आणि धर्मशिक्षण, सोमवारी पहाटे परत. सासूबाईंचं औषधपाणी यजमानांनी पाहिलं. हे सगळं चाललं ते यजमानांच्या आधारावर, हे बाई स्वतः प्रत्येकाला सांगतात.

अभ्यासातलं काय जड गेलं? बाईंना वाटत होतं लॅटिन जड जाईल. मराठी व्याकरण आयुष्यभर शिकवल्यामुळे विभक्ती आणि लिंग-वचन सांभाळायची सवय होती, लॅटिन त्यांना आवडलं. जड गेलं ते इंग्रजीतून लांबलचक युक्तिवाद लिहिणं. पहिल्या वर्षी निबंध परत येत. त्यांत माहिती भरपूर असे, पण बाईंचं स्वतःचं म्हणणं शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असे. वसतिगृहातल्या एका केरळी सिस्टरनं त्यांना सवय लावली: पहिल्या ओळीत म्हणणं, मग पुरावा. करोनाच्या काळात तास ऑनलाइन झाले आणि नाशिकरोडच्या घरात मायलेकी एकाच वायफायवर शिकल्या.

लायसेन्शिएटच्या वेळी दुसरा मोठा निर्णय आला. प्रबंधिका कशावर लिहायची? एका प्राध्यापकांनी सुचवलं की फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातली मरिया घ्या. मराठीतला अभिजात ग्रंथ, ओवीबद्ध, संदर्भसाहित्य तयार. बाईंना मोह झाला. पण ख्रिस्तपुराणावर आधी चांगलं काम झालेलं होतं, आणि हरेगावच्या वाटेवरची गाणी म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. ख्रिस्तपुराण कुठे जाणार नव्हतं, त्या बायका जाणार होत्या. बाईंनी गाणी धरली. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या वहीतल्या तीन गायिका वारल्या.

गाणी हा ईशज्ञानाचा विषय होऊ शकतो का, ही शंका पीठात काहींनी घेतली. तिला उत्तर देण्याइतका आधार आता बाईंच्या हाताशी होता. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लोकभक्तीकडे आदरानं पाहायला सांगितलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लोकभक्ती हीच ईशज्ञानाच्या विचाराचं एक स्थान आहे असं म्हटलं. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं २०१४ मध्ये श्रद्धावंतांच्या अंतःप्रेरणेवर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि तीत लोकभक्तीचं स्थान काय हे तपासलं. हे आधार नसते तर विषय लोकसाहित्याकडे ढकलला गेला असता.

मार्गदर्शकांनी मात्र आणखी एक प्रश्न टाकला: या वाटेवर तुम्ही स्वतः कुठे उभ्या आहात? नगर जिल्ह्यातले बहुतेक कॅथलिक ज्या समाजातून आले, त्या समाजाची माणसं देवळाच्या पायरीपर्यंतही जाऊ शकत नव्हती. मरियेला आई म्हणणं आणि तिच्या अंगणात हक्कानं बसणं याला त्या बायकांच्या तोंडी वेगळा अर्थ आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूला हा धागा मांडला होता आणि त्यातून दलित ईशज्ञान उभं राहिलं. ते प्रॉटेस्टंट परंपरेतले. बाईंनी आपल्या कॅथलिक अभ्यासात त्यांना जागा दिली आणि आजोबांच्या मास्तरकीवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं.

निष्पत्ती

२०२३ मध्ये लायसेन्शिएट मिळालं. इथे थांबता आलं असतं. धर्मसभेच्या कायद्याचं २५३ वं कलम सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) शिकवायला लायसेन्शिएट पुरेसं मानतं. गटात आम्ही काही जण थांबा म्हणणारे होतो. पन्नाशी झालेली, सासूबाई अंथरुणाला, प्रबंधाचा मुख्य भाग छापल्याशिवाय डॉक्टरेट पूर्ण होत नाही आणि छपाईचा खर्च आपला. बाईंनी दोन महिने घेतले आणि नोंदणी केली. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लायसेन्शिएटमध्ये मी प्रश्न नीट विचारायला शिकले. उत्तर अजून दिलेलं नाही."

आता तिसरं वर्ष चालू आहे. गाणी देवनागरीत, लिप्यंतरात आणि इंग्रजी अनुवादात अशी तिहेरी लावून झाली आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मरियेच्या बिरुदांबद्दल रोमहून नवी टिप्पणी आली. 'सह-तारिणी' (तारणाच्या कामात ख्रिस्ताची साथीदार) हे बिरुद वापरणं योग्य नाही असं तीत स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे एक लिहून झालेलं प्रकरण बाईंना नव्यानं बांधावं लागतंय. त्यांचं सध्याचं म्हणणं असं: गाण्यातली बाई मरियेला ख्रिस्ताच्या जागी बसवत नाही. तिच्या जगात आईकडे मागितलं की ते घराकडेच मागितलेलं असतं, कारण आई आणि घर वेगळं नसतं. परीक्षक मंडळाला हे पटेल का, ते प्रबंध सादर झाल्यावर कळेल.

दरम्यान धर्मप्रांतात धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या वर्षातून काही सत्रं घेतात. मानधन प्रवासखर्चापुरतं. कायम जागा कुठलीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

श्रोता म्हणून गेलेलं वर्ष टाळता आलं असतं. पहिल्या भेटीतच "हे वर्ष पदवीत धरलं जाईल का" असं लेखी विचारायचं आणि उत्तरही लेखी घ्यायचं. तोंडी "बसा, बघू" म्हणणारे लोक मनानं चांगले असतात, पण नोंदवही त्यांच्या हातात नसते.

सुरुवातीला थेट डॉक्टरेटला लिहिण्याऐवजी विद्यापीठाच्या कुलसचिवांना शिडी विचारली असती तर सात वर्षांचा आकडा आधी कळला असता. बाई म्हणतात, तो आधी कळला असता तर मी निघालेच नसते. मला ते खरं वाटत नाही, पण त्यांचं म्हणणं म्हणून नोंदवतो.

सरकारी नोकरीच्या दृष्टीनं ही पदवी पीएच.डी. म्हणून चालेल असं कोणी धरून चालू नये. बाईंचं पेन्शनचं गणित आधी जमलेलं होतं म्हणून त्यांना हा धोका पेलला. तिशीतल्या, नोकरी शोधणाऱ्या प्रापंचिकानं आधी सरकारमान्य पदवी हातात घ्यावी आणि मग इकडे वळावं, असं मी त्याला आग्रहानं सांगेन. गाण्यांचं रेकॉर्डिंगही पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. वहीत शब्द आले, चाली निसटल्या, आणि त्या तीन गायिकांच्या चाली आता कुणालाच येत नाहीत.

पण सगळ्यात मोठी गोष्ट बाईंच्या हातातली नव्हती. २०१५ मध्येच कोणीतरी महागुरूंसमोर हा विषय मांडला असता की मतमाउलीच्या भक्तीवर ईशज्ञानाच्या अंगानं काम करणारी व्यक्ती आपल्याला हवी आहे आणि ती आपल्यात आहे, तर बाई 'स्वतःच्या हौसेनं गेलेली' न राहता 'पाठवलेली' झाली असती. फी तीच राहिली असती, अभ्यासही तोच. पण परतल्यावर काय, हा प्रश्न दोघांचा झाला असता. मे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाची सेवा औपचारिक सेवापद म्हणून स्थापन केली. त्या आधारावर आमच्या गटानं आता एक प्रस्ताव तयार केला आहे: दरवर्षी एका प्रापंचिकाला, शक्यतो ग्रामीण धर्मग्रामातल्या, धर्मप्रांताच्या पत्रासह ईशज्ञानाच्या पहिल्या टप्प्याला पाठवायचं, निम्मी फी धर्मप्रांतानं आणि निम्मी धर्मग्रामानं भरायची, आणि निघण्याआधीच परतल्यावरचं काम लिहून द्यायचं. मसुद्यातलं शेवटचं कलम बाईंनी सुचवलं आहे: अर्जदार विवाहित असेल तर मुलाखतीला दोघांनाही बोलवावं.